सात गाठींचा डबा

आप्पा, तुमच्या खोलीला मालकांनी कुलूप घातलं होतं, पण वास काय कुलपाला जुमानत नाही. सकाळी फाटकातून आत आलं की तो व्हरांड्यातच गाठतो. पॅकिंगच्या बायका पदर नाकाला लावून पुढं जातात. ह्याच बायका आधी तुमच्या दारापाशी मुद्दाम रेंगाळायच्या, "आप्पा, आज काय घोटलंय?" म्हणून विचारायच्या. आता एकजण थांबत नाही. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मला तुमच्याशी अजून भांडायचं आहे.

भांडण तेच, आठ वर्षांचं. डबीवरच्या लेबलावर काय लिहायचं. कुरकुंभच्या एवढ्या मोठाल्या कंपन्यांच्या पाठीमागं आपली पत्र्याची एवढीशी कंपनी. तोंडाला लावायचं क्रीम आणि ओठांचं मलम, दोनच माल. क्रीमच्या डबीवर "नैसर्गिक सुगंध", मलमाच्या डबीवर "नैसर्गिक स्वाद", बास. आत काय आहे ते फक्त तुम्हाला, सुगंध घोटणाऱ्याला ठाऊक, आणि खाली सही मात्र माझी. नव्या लॉटची लेबलं परवाच छापून आलीत. माझ्या टेबलावर पडली आहेत. त्यांच्या दर्शनी बाजूला मी अजून सही केलेली नाही.

पहिला दिवस आठवतो का? बीएस्सी होऊन मी केमिस्ट म्हणून लागले होते. आमच्या घरात नोकरी करणारी मी पहिलीच. आजोबांनी मेंढरं विकून शेती धरली, तेव्हापासून घरात कुणी महिन्याचा पगार पाहिला नव्हता. मी इस्त्रीची साडी नेसून आले, आणि तुम्ही माझ्यापुढं गरम पाण्याचं घमेलं आणि एक चिंधी ठेवलीत. "केमिस्टीण बाई, एवढं डबं पुसून द्या. कागुद ऱ्हाता कामा न्हाई." मुंबईच्या व्यापाऱ्याकडून वासाच्या तेलांचे सात डबे आले होते. प्रत्येकावर नावाचा कागद चिकटवलेला. मी म्हटलं, अहो, नाव कशाला पुसायचं? तुम्ही आवाज बारीक केलात. "नाव डब्यावर ऱ्हायलं तर उद्या मालक कुनाला बी आनून घोटाय बसवील. मंग ह्या आप्पाला कोन इचारतंय?"

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू? वरवंडच्या मळ्यातला माणूस, शाळा चौथीपर्यंत, आणि नुसत्या नाकाच्या जोरावर कंपनीत खोली मिळवून बसलेला. त्याच्या पोटावर कोण पाय देणार? मी कागद भिजवले, नखानं खरवडले, चिंधीनं घासले. सातही डबे लख्ख केले. नावं डोळ्यांसमोरून गेली असतीलच की! पण माझं चित्त साडीवर पाणी उडू नये ह्यात. कागदाचा लगदा घमेल्यात राहिला आणि ते पाणी मी मागच्या शेवग्याला ओतून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडून लोकरीचा धागा मागून घेतलात. आजोबा चातीवर सूत काढायचे, त्यातला काळा धागा मी आणून दिला. तो तुम्ही डब्यांच्या गळ्याला बांधलात आणि धाग्याला गाठी मारल्यात. एक गाठ वाळा, दोन गाठी जिरेनियम, तीन लिंबाच्या सालीचं तेल, चार लवंग, पाच गवती चहा, सहा दालचिनी. हे सहा मला पुढं कळले, कारण संपले की पुण्याहून मागवायला मीच फोन करायचे. सातवा डबा मोठा. त्यातलं तेल काकवीसारखं दाट, काळपट, आणि वास असा गोड की नाक मागं घ्यावंसं वाटू नये. ते थेंबाथेंबानंच लागायचं. आठ वर्षांत तो डबा एकदाही परत मागवावा लागला नाही. दर वर्षी आतलं तेल जास्त काळं होत गेलं, आणि दर वर्षी मी विचारलं, ह्यात काय आहे? तुम्ही मिशीत हसायचात. "त्योच तर आप्पा हाय."

आणि तुमची ती तपासणी! लॉट घोटून झाला की डावी बाही वर करायची, कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर क्रीम लावायचं, वर रुमाल बांधायचा, बाही खाली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन रुमाल सोडायचा. हात स्वच्छ असला की म्हणायचं, "सोडा गाडी." मलम असलं तर आधी जिभेवर. मी म्हणायची, आप्पा, तुमचा एकट्याचा हात म्हणजे सगळ्या दुनियेचा हात नव्हे. तर तुम्ही म्हणायचात, "माझ्या कातड्याला सोसलं, मंग लोकांच्या कातड्याला काय धाड भरलीय?" मी पुस्तक दाखवलं तर म्हणालात, "ह्या पुस्तकाला हात हाय का?" पॅकिंगच्या बायका फिदीफिदी हसल्या. मला राग आला होता, आणि मीसुद्धा हसले होते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आज सांगते. पहिल्याच वर्षी पुण्याहून आलेल्या साहेबांनी माझ्या जेवणाच्या डब्याकडं बघून नाक मुरडलं होतं. मेंढरांचा वास येतो म्हणाले, सगळ्यांदेखत. माझा घास तोंडातच राहिला. तुम्ही हात धुऊन आलात, वाळा आणि गवती चहा कापसाच्या दोन बोळ्यांवर घेतलेत, माझे डोळे बांधलेत आणि मी दोन्ही ओळखले. मग तुम्ही ते बोळे साहेबांपुढं धरलेत. "आता तुमी वळखा." साहेबांना ते जमलं नाही. त्या दिवसापासून मला कुणी नाक मुरडलं नाही. मी तुमचे आभार मानायला हवे होते. मला वाटलं, आज ना उद्या मानू, कुठं पळून चाललेत आप्पा!

मग तो यादीचा कागद आला. परदेशी माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्यानं आपल्या क्रीमचा नमुना मागवला होता, त्याच्यासोबत. त्यावर वीसबावीस रसायनांची नावं, आणि विचारलेलं की ह्यातलं काय काय तुमच्या सुगंधात आहे, खूण करा. फुलापानांतून आलेलं असलं तरी लिहा, कारण कित्येकांच्या कातडीला ते सोसत नाही. मी तुमच्यासमोर बसून एकेक नाव वाचलं. तुम्ही डोळे मिटून कथा ऐकल्यासारखे ऐकत होतात. शेवटी म्हणालात, "यातलं आपल्यात काय न्हाई. तसं लिवा."

"कसं नाही, आप्पा? हे लवंगेत असतं, हे लिंबाच्या सालीत असतं, हे दालचिनीत. आणि सातव्या डब्यात काय आहे ते सांगा, म्हणजे तेही लिहिते."

"फुलाफळाचं हाय समदं. फुलानं कुनाचं वाईट केलंय? आमच्या सात पिढ्या फुलांत गेल्या."

"विंचूसुद्धा नैसर्गिकच असतो, आप्पा!"

झालं! तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी आले तर टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलछडी. मळ्यातून पहाटे तोडून आणलेली, दांड्यांवर अजून माती होती. तुम्ही दारात उभे होतात आणि माझ्याकडं बघत नव्हतात. मी ती बाटलीत लावली. यादीचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि लेबलांवर सही केली. कागद अजून तिथंच आहे. गुलछडीच्या एका जुडीला मी विकले गेले, असं मी आज म्हणते. तेव्हा मला वाटलं होतं, जाऊ दे, म्हाताऱ्याचं मन राहिलं.

त्यानंतर तुमच्या बाह्या लांब झाल्या. ऐन मे महिन्यात मनगटापर्यंत गुंड्या. जिना चढलात की छातीत शिट्टी वाजायची. सगळे म्हणायचे, ही कुरकुंभची हवा. एवढ्या चिमण्या, एवढा धूर, म्हाताऱ्या माणसाला बाधणारच. मलाही ते बरं वाटलं हो. दोष चिमणीला दिला की माझ्या टेबलावर काही येत नव्हतं.

मग दोन वर्षांमागं एका दिवशी नळावर तुमची बाही मागं सरकली. कोपरापासून मनगटापर्यंत डावा हात काळा पडलेला, तळ्यातला गाळ वाळून तडकावा तसा. मी किंचाळले. तुम्ही घाईनं बाही ओढलीत. "वयाचं हाय वो. आन् डाव्याला आता कळत न्हाई, म्हून उजव्याला लावतो." एवढं सहज बोललात, जणू गावाला जायची वाट बदलली! मी डॉक्टरकडं चला म्हटलं. तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर बघू. मी पुन्हा विचारलं नाही, कारण दिवाळीचा माल काढायचा होता.

आणि रुक्मी. तुमची एकुलती एक लेक, न्हावऱ्याला दिलेली. सासरी साऱ्या आळीला सांगायची, माझ्या बापाच्या हातचं क्रीम आहे. गेल्या महिन्यात ती तुम्हाला भेटायला एसटीनं आली, तेव्हा गालांवर लाल चट्टे होते आणि पापण्या सुजलेल्या. तुम्ही म्हणालात, ऊन लागलंय, दोन वेळा लाव. मला राहवलं नाही. मी तिच्यादेखत म्हटलं, "रुक्मे, आजपासून हे बंद कर. बोटसुद्धा लावू नकोस." तुम्ही उठून उभे राहिलात. आठ वर्षांत तुमचा आवाज कधी चढला नव्हता.

"माझ्या पोरीला मी ईख लावीन व्हय?"

विष म्हणालात तुम्ही, मी तर तो शब्द काढलाही नव्हता. रुक्मीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच तुमचा घास काढून घेत होते. आपलं शेवटचं भांडण ते. त्यानंतर आपण नुसते "आलात का" आणि "निघाले" एवढंच बोललो.

त्या सकाळी सातव्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. तुम्ही डबा गरम पाण्यात ठेवलात, झाकण काढलंत आणि वाकून बघितलंत. बायकांनी हाक मारली म्हणून मी धावले, तर तुम्ही उंबऱ्यावर बसलेले, तोंड उघडं, ओठ निळसर. श्वास आत जाईना आणि बाहेरही येईना. मालकांच्या जीपमध्ये तुमचं डोकं मांडीवर घेऊन मी दौंडला नेलं. सबंध वाटभर ती शिट्टी ऐकली.

डॉक्टर तुम्हाला मास्क लावत लावत मला विचारत होते, "कशाचं काम करतात हे? छातीत काय गेलंय?"

मी म्हणाले, "सुगंध."

"कशाचा?"

"नैसर्गिक."

मी कंपनीची केमिस्ट, हे आत येतानाच सांगितलं होतं. "बाई, तुम्ही केमिस्ट ना? नाव सांगा त्याचं."

आप्पा, माझ्या लेबलावरचे दोन शब्द सोडले तर माझ्याकडं काही नव्हतं. तेच मी त्यांना दिले. मग मी तुमच्या कानाशी वाकले, हात जोडले. "आप्पा, पाया पडते तुमच्या. सात गाठींच्या डब्यात काय आहे? आता तरी सांगा." तुम्ही मास्क बाजूला ओढलात.

"मला तरी कुठं ठावं हाय, पोरी? इंग्रजीत व्हतं त्ये. कागुद तूच पुसलास न्हवं."

आठ वर्षं मला केमिस्टीण बाई म्हणायचात, त्या दिवशी पहिल्यांदा पोरी म्हणालात, तू म्हणालात. तो ठपका होता की नुसतं सांगणं, हे मला कळलं नाही, आणि आता कधी कळणार नाही. आपण एवढी वर्षं ज्याच्यावरून भांडलो ते गुपित तुमच्याकडंही नव्हतंच! नाव होतं फक्त त्या कागदावर, आणि तो शेवग्याच्या मुळाशी गेला. मग तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "रुक्मीला..." आणि नर्सनं मास्क परत लावला. दुपारी तुम्ही गेलात.

डॉक्टर बाहेर आले, मला बाजूला घेतलं. नाव कळलं असतं तर वाचले असते असं नाही म्हणाले, फार दिवसांचं दुखणं होतं. "पण घरात अजून कुणी ते लावत असेल तर आजच्या आज बंद करा." मी मान हलवली. रुक्मी न्हावऱ्याहून येऊन तेव्हा ऊर बडवत होती. तिला काय सांगणार त्या वेळी?

मी मुंबईच्या व्यापाऱ्याला एसटीडी बूथवरून तीन दिवस फोन लावला. तो नंबर बंद आहे. मालकांना म्हटलं, पुण्याला नमुना तपासायला देऊ. ते म्हणाले, "मॅडम, कशाला उकरून काढताय? त्यांना दमा होता. सोमवारी लॉट घ्यायचाय, तेवढ्या सह्या करून टाका." मी विचारलं, घोटणार कोण? तर म्हणाले, झालीय सोय.

सोय म्हणजे काय ते काल कळलं. दुपारी दारात रुक्मी उभी. दहावा होऊन दोनच दिवस झालेले. चेहरा एवढा सुजला होता की आधी मी ओळखलंच नाही. तिच्या हातात तुमच्या खोलीची किल्ली होती.

"आक्का, मालकांनी आप्पांच्या जागी घ्येतलंय मला. सोमवारपास्नं येते. समदं येतंय मला, किती गाठीचं किती थेंब त्ये." आणि ती जिना चढून आली होती म्हणून धापा टाकत होती. तिच्या छातीत मला शिट्टी ऐकू आली. तीच शिट्टी, आप्पा. बारीक, पण तीच.

मी तिला खुर्चीवर बसवलं. म्हटलं, आधी तोंडाला लावायचं बंद कर. ती म्हणाली, "ह्येच तर ऱ्हायलंय त्यांच्या हातचं. लावलं की आप्पा जवळ बसल्यागत वाटतंय." मी ओरडले, रागावले, हातापाया पडले. मग तिनं पिशवीतून डबी काढून माझ्यापुढं आपटली. "काय हाय यात एवढं? नाव सांगा की मला. तुमची सही हाय न्हवं?"

डॉक्टरांचाच प्रश्न तुमच्या लेकीच्या तोंडून आला. मी एक नवं लेबल उलटं केलं आणि पाठीमागं लिहिलं. वाळा, जिरेनियम, लिंबाच्या सालीचं तेल, लवंग, गवती चहा, दालचिनी. सातवं: नाव माहीत नाही. आप्पांनाही माहीत नव्हतं. ज्या कागदावर नाव होतं तो मी पुसला. खाली सही केली आणि ते तिच्या डबीवर चिकटवलं. आठ वर्षांत मी लिहिलेलं ते पहिलं खरं लेबल. रुक्मीनं बोट ठेवून ठेवून वाचलं. "आप्पांना बी ठावं न्हवतं?" मी नाही म्हटलं. मग तिनं झाकण काढलं आणि डबी नाकाशी न्यायला लागली.

मी तिचा हात धरला. ती हिसडे मारायला लागली, आणि त्या झटापटीत तिच्या झंपराची लांब बाही वर गेली. कोपराच्या आतल्या बाजूला रुमाल बांधलेला होता, तुमच्याच गाठीचा.

मी तो सोडला. खाली लालभडक, पाण्याचे फोड.

"कधीपासून, रुक्मे?"

"वर्स झालं. आप्पांच्या दोन्ही हाताला कळंना झालं, तवापास्नं. दर लॉटाला डबी धाडायचे न्हावऱ्याला. म्हनायचे, तुजं कातडं नाजूक हाय, तुज्यावर लगीच कळंल. काय उठलं तर मला सांग, दुसऱ्या कुनाला सांगू नगं."

माझ्या पोरीला मी ईख लावीन व्हय, असं तुम्ही म्हणाला होतात. आप्पा, मला तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असता तर मी तुमचं वय बघितलं नसतं. आणि त्याच क्षणी ते उंबऱ्यावर बसलेलं, निळ्या ओठांचं तुमचं तोंड आठवलं आणि मी रडायला लागले. तुमचा फुलांवर खरंच विश्वास होता. तसा नसता तर लेकीला तुम्ही कधी डबी धाडली नसतीत, हे मला ठाऊक आहे. त्यानं काय होतंय? हात तर जळलाच. "रुक्मीला..." म्हणालात. रुक्मीला काय? सांगा? जपा? दाखवा कुणाला तरी? मी तिन्ही धरून चालले आहे.

मी तिच्या हातातून किल्ली घेतली. खोली उघडली, पदर नाकावर धरला, सात गाठींचा डबा झाकण दाबून पोत्यात बांधला आणि रुक्मीला दंडाला धरून रस्त्यावर आणलं. मालक फाटकातून हाका मारत होते. लेबलांवर सही नाही, म्हणजे सोमवारी लॉट नाही, एवढं मी त्यांना चालता चालता सांगितलं. दौंडच्या जीपमध्ये डबा माझ्या पायांत आणि रुक्मीचं डोकं माझ्या खांद्यावर.

त्याच डॉक्टरांनी तिचा हात बघितला, छातीला नळी लावली आणि माझ्याकडं वळले. "कशानं झालंय हे?"

ह्या खेपेला मी लेबल वाचून दाखवलं नाही. पोतं सोडलं आणि डबाच त्यांच्या टेबलावर ठेवला. काळा धागा, सात गाठी. त्यांनी झाकणाला हात घातला.

"उघडू नका!" मी ओरडले.

आणि माझ्या बरोबरीनंच, धाप लागलेल्या आवाजात, तुमची लेक म्हणाली, "उघडा की. आप्पा हाईत त्यात."